अकरा हजार पापं

पट्टीमास्तरांच्या नावावर अकरा हजार पापं होती आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

ऐकणाऱ्याने लगेच कानांवर हात ठेवू नयेत. मास्तर ज्या ऑफिसात काम करत, तिथे 'पाप' हा रोजच्या वापरातला शब्द होता. चष्म्याच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, नऊ माणसांचं ते ऑफिस आणि त्यांचा धंदा एकच: 'पाटी' नावाचा एडिटर. साधा मजकूर उघडायचा, लिहायचा, साठवायचा, एवढंच पाटीचं काम. पण ती इतकी हलकी आणि भरवशाची होती की दवाखान्यातल्या कारकुनापासून छापखान्यातल्या जुळाऱ्यापर्यंत कोणाच्याही कॉम्प्युटरवर सापडायची. पाटीच्या कोडमधली एखादी ओळ शेवटी कोणाच्या हातून गेली हे दाखवणारी एक कमांड होती. ती चालवली की प्रत्येक ओळीच्या डाव्या अंगाला माणसाचं नाव येऊन बसे. चूक निघाल्याशिवाय ती कमांड कोणी चालवत नसे, म्हणून कोणीतरी तिचं नाव 'पाप' ठेवलं आणि ते चिकटलं. पुढे पुढे चांगली ओळसुद्धा कोणाच्या तरी पापातच असायची. "बघा हो, हे कोणाच्या पापात आहे?" असं बाई म्हणाल्या की नवीन आलेला माणूस दचके. बाई म्हणजे ऑफिसच्या प्रमुख. त्यांचा नियमही याच शब्दातून निघालेला: ज्याचं पाप त्याने फेडायचं.

तर मास्तरांची अकरा हजार पापं. त्यातलं एकही त्यांनी केलेलं नव्हतं.

ती सगळी त्यांच्या धाकट्या साडूची होती. आणि हा साडू काही आकाशातून पडला नव्हता. मेव्हणीसाठी त्याचं स्थळ मास्तरांनीच सुचवलं. लग्न जमल्यावर "मुलगा हुशार आहे, आपल्याकडे जागा आहे" असा बाईंकडे शब्द टाकला तोही मास्तरांनीच. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायला माणसाला याहून जास्त तयारी लागत नाही.

पहिलं वर्ष कौतुकात गेलं. "आमचा साडू" म्हणताना मास्तरांची छाती फुगायची. मग बाईंनी त्या साडूला फाइल उघडण्याचं काम दिलं, आणि तिथून मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं. एडिटरमध्ये याहून अवघड काम नाही. जगभरातून कसल्या कसल्या फाइली येतात, मोडक्या, अर्धवट, भलत्याच साच्यातल्या, आणि त्या सगळ्या न अडखळता उघडाव्या लागतात. मास्तर हे काम तीन वर्षं मागत होते. बाई दर वेळी "बघू" म्हणायच्या. धाकट्याने मागितलंही नव्हतं. त्याने दोन वर्षं खाली मान घालून ते एकट्याने लिहिलं, आणि ज्या फाइली उघडताना पाटीला धाप लागायची त्या पापणी लवायच्या आत उघडू लागल्या. बाईंनी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, अंमळ जास्तच जोरात.

घरीसुद्धा सुटका नव्हती. सासरे निवृत्त मुद्रितशोधक. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका धरण्यात गेलेला, त्यामुळे त्यांच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं. एका रविवारी जेवताना ते म्हणाले, "धाकट्या जावयांच्या कामात मला खोट सापडली नाही." मास्तर त्या घरचे जावई होऊन बारा वर्षं झाली होती. त्यांच्या कामात सासऱ्यांना दर रविवारी काही ना काही सापडायचं. बायकोने न विचारता मास्तरांपुढे पाण्याचा पेला सरकवला.

बरं, धाकट्याने थोडी तरी फुशारकी मारावी. फुशारकी मारणाऱ्याचा राग करायला सोपं जातं, तो स्वतःच निमित्त पुरवतो. हा पठ्ठ्या कोपऱ्यातल्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसायचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कौतुक झालं की "हो का?" म्हणायचा आणि पुन्हा भिंतीकडे वळायचा. त्या "हो का" ने मास्तरांचा नुसता जळफळाट व्हायचा.

मग धाकट्याला मुलगी झाली आणि तो तीन आठवडे सुट्टीवर गेला.

मास्तरांना ऑफिसात पट्टीमास्तर म्हणत, कारण त्यांना समास सरळ लागायचा. कोडची ओळ किती जागा सोडून सुरू करायची, याचे ऑफिसचे नियम त्यांनीच लिहिलेले. चार मोकळ्या जागा सोडायच्या, टॅबची कळ दाबून एका उडीत जागा सोडणं चालणार नाही. धाकटा मात्र टॅब मारायचा. दोन वर्षं कोणाच्या डोळ्यांत खुपलं नव्हतं ते त्या आठवड्यात मास्तरांच्या डोळ्यांत खुपलं. जेवणानंतर ऑफिस पेंगत असताना त्यांनी एक कमांड दिली. अख्ख्या फाइलमधला टॅब गेला, चार मोकळ्या जागा आल्या. अर्ध्या मिनिटाचं काम. अर्थ एका अक्षराने बदलला नाही. पण प्रत्येक ओळीला शेवटचा हात मास्तरांचा लागला. त्यांनी 'पाप' चालवून पाहिलं. वरपासून खालपर्यंत, अकरा हजार ओळींच्या डाव्या अंगाला, त्यांचंच नाव.

हे नीटनेटकेपणासाठी केलं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसऱ्याच्या घराला चुना फासावा आणि दारावर आपली पाटी लावावी, तशातला हा नीटनेटकेपणा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

धाकटा परत आला. मास्तरांनी भांडणाची जय्यत तयारी ठेवली होती. नियम कुठल्या तारखेचा, कोणी मंजूर केला, सगळं पाठ. धाकट्याने फाइल उघडली, वरून खाली पाहिली आणि म्हणाला, "छान सरळ दिसतंय, दादा." बस्स. मास्तरांचं सगळं पाठांतर वाया गेलं.

याला दोन वर्षं झाली. दरम्यान ऑफिसात नवी माणसं आली. त्यांना इतिहास काय माहीत, ती पडद्यावरचं नाव वाचत आणि मास्तरांकडे येत. बाहेरचेही मास्तरांनाच विचारू लागले. ज्याचं उत्तर येत नसे त्याला मास्तर "उद्या सांगतो" म्हणत, चहाच्या वेळी धाकट्याकडून आडवळणाने काढून घेत आणि सकाळी स्वतःचं म्हणून देत. बाईंच्या डोक्याला शंभर व्याप, जुनं त्यांनाही आठवेना. त्यांनीही एक दिवस पडदा पाहिला आणि मास्तरांना त्या विभागाचं प्रमुख केलं. इतकं सगळं पदरात पडल्यावर तरी जळणं थांबावं की नाही? थांबलं नाही. आपल्या नावाच्या ओळींकडे पाहताना मास्तरांना रोज सकाळी आठवायचं की त्या लिहिताना आपण जागेवर नव्हतो.

आणि मग ते पत्र आलं.

लिहिणाऱ्या बाई दूर कुठे तरी कॉलेजात शिकवत होत्या. पाटीत त्यांना मोठं भगदाड सापडलं होतं, आणि ते नेमकं फाइल उघडण्याच्या भागात होतं. ऑफिसच्या बाईंनी सगळ्यांना बोलावलं आणि समजेल असं सांगितलं. पाटीत एक सोय होती. फाइलच्या पहिल्याच ओळीत पाटीसाठी सूचना लिहिता यायच्या: अक्षर मोठं कर, समास इतका ठेव. आता त्या सूचनेत कोणी "ही खिडकी बंद कर" असं लिहिलं तर पाटी खिडकी बंद करायची, खिडकीसाठी घेतलेली मेमरीतली जागा परत करायची, आणि उरलेली सूचना मात्र त्याच सोडलेल्या जागेतून वाचत राहायची.

"भाडेकरूने खोली सोडली, किल्ली परत दिली, तिथे दुसरं बिऱ्हाड आलं," बाई म्हणाल्या. "आणि हा जुना गृहस्थ अजून आपलीच खोली समजून तिथल्या डब्यातलं काढून खातोय. त्या डब्यात मुद्दाम कोणी विष ठेवलं तर?"

विष म्हणजे परक्याचे हुकूम. दवाखान्यातल्या कारकुनाने आलेली फाइल नुसती उघडायची, की पाठवणारा त्याच्या कॉम्प्युटरचा मालक. पत्रवाल्या बाईंनी बाहेर वाच्यता न करता तीस दिवसांची मुदत दिली होती. बाईंनी पाच दिवसांत दुरुस्ती आणि जाहीर पत्रक, असं ठरवलं. पाटीच्या पत्रकाची एक रीत होती. त्यात चूक शोधणाऱ्याचं नाव असे, आणि चुकीची ओळ लिहिणाऱ्याचंही. लाज काढायला नव्हे. पुढे कोणाला शंका आली तर विचारायचं कोणाला, हे कळावं म्हणून.

"कोणाच्या पापात आहे?" बाईंनी विचारलं आणि ओळ भिंतीवरच्या पडद्यावर आणली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मास्तरांना आनंद झाला. चार वर्षं. चार वर्षं ते धाकट्याच्या एका चुकीची वाट पाहत होते, आणि ती आली ती ही एवढी मोठी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आता सासरे काय म्हणतील ते त्यांना ऐकू यायला लागलं. तोंड उघडून ते नाव घेणार, एवढ्यात सगळ्या माना आपल्याकडे वळलेल्या त्यांना दिसल्या. पडद्यावर नाव त्यांचं होतं.

ओळ माझी नाही, असं म्हणावं तर नाव कसं लागलं ते सांगावं लागणार. ते सांगावं तर उरलेल्या दहा हजार नऊशे नव्व्याण्णव ओळींचंही बिंग फुटणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मास्तरांनी धाकट्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे पाहत होता.

"माझीच," मास्तर म्हणाले.

"मग फेडा," बाई म्हणाल्या आणि सगळे आपापल्या जागी गेले.

पुढचे दोन दिवस मास्तरांनी ती फाइल वाचली. आयुष्यात पहिल्यांदा वाचली. यापूर्वी त्यांनी तिचा फक्त समास पाहिला होता. आणि वाचता वाचता त्यांचा जीव आणखी जळायला लागला, कारण ती सुंदर होती. कुठे एक शब्द जास्त नाही. पुढे काय येणार हे वाचणाऱ्याला आधीच कळावं अशी मांडणी. आपण जिथे दहा ओळी पसरल्या असत्या तिथे याने तीन लिहिल्यात, हे त्यांना पानोपानी कळत होतं. चुकीची ओळसुद्धा अशी ऐटीत बसली होती की तिला हात लावायला भीती वाटावी. मास्तरांनी जागा परत करणं थांबवलं, तर पाटी फुगत जाऊन बंद पडू लागली. जागा आधी तपासून पाहिली, तर साध्या फाइली उघडेनात. दुसऱ्या दिवशी दुपारी ते जिन्यात जाऊन उभे राहिले.

धाकटा मागोमाग आला. खाली चष्मेवाल्याचं काच घासायचं यंत्र चालू होतं, त्याच्या आवाजात त्याने हळूच सांगितलं, "दादा, ओळ माझी आहे. मी बाईंना सांगून टाकतो."

"नको," मास्तर म्हणाले. इतक्या पटकन की त्यांचे तेच चपापले. मग आवाज भारदस्त करून त्यांनी पुस्ती जोडली, "तू यात पडू नकोस. मी घेतो सांभाळून. दुरुस्ती तेवढी दाखव."

धाकट्याने तिथेच, जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून, तीन ओळी लिहून दिल्या. सूचनेची नक्कल आधी आपल्याकडे काढून घ्यायची, जागा मग सोडायची, आणि पुढचं वाचायचं ते नकलेतून. एवढंच. मास्तरांनी कागद खिशात घातला. एवढं साधं आपल्याला सुचू नये, या विचाराने त्यांना रात्री अन्न गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणी घरी आली. दोन वर्षांची मुलगी कडेवर, डोळे भरलेले. "भाऊजी, तुम्ही ह्यांची चूक अंगावर घेतलीत. हे घरी येऊन सांगत होते. सख्खा भाऊ करणार नाही इतकं केलंत. मी बाबांनाही फोन केला."

मास्तर "त्यात काय एवढं" म्हणाले आणि चपला शोधू लागले. मेव्हणी गेल्यावर बायकोने दार लावलं आणि ती दाराला पाठ टेकून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने नवऱ्याला ओळखलं होतं.

"अहो, खरं सांगा. हे त्यांच्यासाठी केलंत की स्वतःसाठी?"

मास्तरांना चपला सापडल्या. त्या पायात सरकवून ते बाहेर पडले.

पाचव्या दिवशी दुरुस्ती तयार होती, पत्रक तयार होतं. बाईंनी ते रिवाजाप्रमाणे आधी पत्रवाल्या बाईंना दाखवायला पाठवलं होतं, त्यांचं उत्तर त्या सकाळी आलं. बाईंनी सगळ्यांना गोळा केलं आणि ते वाचून दाखवलं. दुरुस्ती उत्तम आहे, असं त्यात होतं. पण ओळ लिहिणाऱ्याचं नाव चुकलेलं दिसतं. माझ्याकडे पाटीची जुनी प्रत आहे, तीत ही अख्खी फाइल दुसऱ्याच गृहस्थांच्या नावावर आहे. मी ती दर वर्षी विद्यार्थ्यांना नमुना म्हणून शिकवते. खरं तर चूक सापडली ती तशीच, शिकवण्यासाठी आनंदाने पुन्हा वाचत असताना.

बाईंनी फाइलच्या जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा समास सरळ केल्याचा दिवस सापडला. तो एक दिवस वगळून त्यांनी 'पाप' पुन्हा चालवलं. भिंतीवर नावं बदलत गेली, वरून खाली, सावकाश. मास्तरांचं नाव एकाही ओळीवर उरलं नाही.

धाकटा उठून उभा राहिला. "बाई, मी त्याच दिवशी सांगणार होतो. दादा नको म्हणाले. माझी चूक त्यांनी स्वतःवर घेतली."

खोलीतल्या सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. असं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. नवी माणसं तर आदराने सावरून बसली. "मास्तर," बाईंचा आवाज मऊ झाला, "असं होतं तर बोलायचं ना."

याच नजरेसाठी मास्तर चार वर्षं तळमळले होते. आता फक्त मान थोडी खाली घालायची होती. त्यांनी ती घालायला सुरुवातही केली. आणि मग त्यांना दिसलं की हा मोठेपणाही धाकट्याकडूनच आलाय. कोड त्याचा, चूक त्याची, दुरुस्ती त्याची, आणि आता आपला चांगुलपणासुद्धा त्यानेच दिलेला. त्यांना ते इतकं झोंबलं की मान वर आली.

"मी काही अंगावर घेतलं नाही," मास्तर म्हणाले. "मला याच्या अकरा हजार ओळी हव्या होत्या. हा सुट्टीवर होता तेव्हा समासाच्या नावाखाली घेतल्या. त्यात ही एक आली. बाकीच्या सोडवेनात, म्हणून हीसुद्धा धरून बसलो."

 मास्तरांचे कान तापले होते, पण आत कुठे तरी त्यांना जिंकल्यासारखं वाटत होतं. निदान हे एक वाक्य तरी स्वतःचं होतं. हे धाकट्याला लिहिता आलं नसतं.

"मला माहीत होतं, दादा," धाकटा म्हणाला. "कामावर परत आलो त्याच दिवशी कळलं."

मास्तर त्याच्याकडे वळले. "मग बोलला का नाहीस?"

"कशाला?" धाकट्याला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "तुमचं नाव लागलं आणि लोक सगळं तुम्हालाच विचारायला लागले. दोन वर्षं मला कोणी हाक मारली नाही की फोन केला नाही. इतकं निवांत काम मी जन्मात केलं नव्हतं. मला वाटायचं, दादांनी आपल्यावर उपकारच केलेत. घरीही मी तेच सांगितलं."

ज्याच्यासाठी मास्तरांनी झोप घालवली, घासागणिक विष गिळलं, ते धाकट्याने रद्दीसारखं दाराबाहेर ठेवलेलं होतं. कोणी उचलून नेलं म्हणून तो खूश होता. मास्तरांना आता त्याच्या ओळींचा हेवा वाटेना. त्या ओळी त्याला नको होत्या, याचा वाटायला लागला, आणि तो आधीच्यापेक्षा कडू होता.

बाईंनी पत्रकावरचं नाव बदललं आणि जेवणाच्या सुट्टीआधी ते जाहीर केलं. विभागाचं काय करायचं ते सोमवारी बोलू, असं म्हणून त्या आपल्या खोलीत गेल्या. जो तो मास्तरांची नजर चुकवत जागेवर गेला. दहा मिनिटं झाली नसतील, पत्रक वाचून पहिला फोन आला. कुठल्याशा दवाखान्यातून विचारत होते, आमच्या जुन्या फाइली उघडायच्या की नाही. फोन धाकट्याच्या टेबलावर जोडून दिला गेला.

धाकट्याचा चेहरा पडला. त्याने फोनकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "दादा, तुम्ही घेता?"

मास्तरांचा हात आधीच पुढे गेला होता. उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. पाच दिवस त्यांनी दुसरं काही वाचलं नव्हतं, आणि पलीकडचा माणूस आपलं नाव विचारून "आभारी आहे, साहेब" म्हणेल हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी हात मागे घेतला. त्याला चांगलाच जोर लागला.

"ओळ तुझी आहे," ते म्हणाले. "फोनही तूच घे."